घोंगडीच्या काठातल्या गोळ्या

संध्याकाळी रेडिओवर मयतांची नावं वाचायला लागले की गोळी घ्यायची, हा नियम माझा. दवाखान्याचा नव्हे. दवाखान्याचं म्हणणं, मोबाईलवर गजर लावा. आमच्या डोंगरात निम्म्या पोरांकडे मोबाईल नाही आणि उरलेल्यांचा कायम बंद पडलेला. रेडिओ मात्र घरोघर आहे, आणि मयतांची नावं ऐकल्याशिवाय आमच्याकडे कोणी जेवायला बसत नाही, कारण कोणाच्या मातीला जायचं ते तिथूनच कळतं. तेव्हा मी पोरांना सांगून टाकलं, निवेदकाने घसा खाकरला की गोळी तोंडात. आपलं नाव त्याच्या तोंडी यायच्या आत.

सिस्टर रेथाबिलेने हे ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला. "मे मानेओ, लेकरांना असं कोणी सांगतं का?"

"गोड बोलून तुम्ही बघितलंत की," मी म्हटलं. "आता मला माझ्या तोंडाने बोलू द्या."

मे म्हणजे आई. आमच्याकडे मोठ्या बाईला तशीच हाक मारतात. मी मानेओ, नेओची आई. नेओ राजधानीत, मासेरूला, कपड्याच्या कारखान्यात असते. मी स्वतःही तीच गोळी घेते. दवाखान्याने मला एचआयव्ही असलेल्या पोरांच्या मागे लावलंय. शनिवारी दवाखान्यामागच्या पत्र्याच्या खोलीत सगळी जमतात. बहुतेक जन्मतःच विषाणू घेऊन आलेली, बहुतेकांचे आईबाप आमच्या डोंगरात औषध पोचायच्या आधीच गेलेले. मी त्यांच्यासाठी मक्याची उकड आणि पालेभाजी शिजवते, ती चेंडू खेळतात, भांडतात, आणि त्यात मी कोण गोळी चुकवतंय ते हुडकते. बाटलीत कापूस कोंबलेला दिसला की समजायचं, घरात कोणाला खुळखुळ ऐकू जायला नकोय. बाटली नवी कोरी दिसली की समजायचं, गोळ्या संडासात गेल्या. गोळी लपवणारा माणूस मला लांबून ओळखू येतो, असं मी सगळ्यांना सांगत असे. खरंच मला तसं वाटत होतं.

त्या सगळ्यांत त्सेलिसो माझा. माझ्या भावाचा मुलगा. भाऊ गेला, मग वहिनी गेली, आणि हे काडीसारखे हातपाय असलेलं पोर माझ्या पाठीवर आलं. त्सेलिसो म्हणजे सांत्वन. त्याच्या आधीची बहीण गेली होती, म्हणून ते नाव. मी त्याला गोळी साखरेत घोळून दिली, मारून दिली, स्वतः आधी गिळून दाखवून दिली. मोठा झाला तसा तोच दुसऱ्यांना सांगायला लागला. एखादी पोर रडत आली की हा तिच्याशेजारी बसून म्हणायचा, "मीपण घेतो, बघ. माझे दात आहेत ना जागेवर?" त्याच्या रक्तात विषाणू सापडायचाच बंद झाला होता. सिस्टर त्याचं उदाहरण देत असे आणि मी उगाच दुसरीकडे बघत असे, कारण तोंडभर हसू यायचं.

चुलीपाशी तिसरा माणूस मोहापी. त्सेलिसोचा मामा, ओढ्यापलीकडे एकटाच राहणारा. आयुष्य सीमेपलीकडच्या सोन्याच्या खाणीत जमिनीखाली काढलेलं. कामावरून काढल्यावर एक घोडा आणि एक खोकला घेऊन परत आला. संध्याकाळी माझ्याकडे जेवायला येत असे. रेडिओवर मयतांची नावं सुरू झाली की हा उठायचा. "घोडा बघून येतो," म्हणायचा. नावं संपली की परत.

"एवढा धिप्पाड बाप्या," मी चिडवायची, "आणि मेलेल्यांची नावं ऐकवत नाहीत?"

"खाणीत फार ऐकलीत," तो म्हणायचा. मला त्याची दया यायची.

तर त्या वर्षी मका काढून झाला आणि त्सेलिसोने चुलीपाशी बसून सांगितलं, "आत्या, मी या हिवाळ्यात डोंगरावर जाणार."

डोंगरावर म्हणजे कुठे, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. पोरगे हिवाळ्यात वर जातात आणि वसंतात पुरुष होऊन उतरतात. वर काय होतं ते बायकांनी विचारायचं नाही आणि पुरुषांनी सांगायचं नाही. जो गेला नाही तो म्हातारा झाला तरी पोरगाच. सभेत त्याला बोलू देत नाहीत, पुरुषांच्या बाकावर बसू देत नाहीत.

"शाळा संपव आधी," मी म्हटलं.

"शाळेतच पोरी माझ्यावर गाणं म्हणतात."

"कोणतं गाणं?"

"तुला नाही सांगणार."

"मग मला माहीत आहे ते. मीपण म्हटलंय, तुझ्या बापावर. त्याच्यापायीच गेला तो वर."

तो हसला. मग मी विचारलं, "आणि गोळ्या?"

त्याने चुलीत काटकी सारली. "घरातलं काही न्यायचं नाही म्हणतात. आणि नेलं तरी सगळ्यांसमोर कशी घेणार? सगळे एका खोपटात झोपतात. एकाने बघितलं की गावाने बघितलं."

"मग नको जाऊ."

"आत्या, तू मला जगवलंस ते काय आयुष्यभर पोरगा म्हणून राहायला?"

यावर मी रागावले. चमचा आपटला, भांडी आपटली. पण आपटून काय होणार होतं? तो जाणार हे त्याच्या पाठीवरून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी मोहापीकडे गेले. तो दारात बसून खोगिराचा पट्टा शिवत होता.

"न्ताते मोहापी," मी म्हटलं. न्ताते म्हणजे बाबा. एरवी मी त्याला नुसतं मोहापी म्हणते. तो लगेच सावध झाला.

"बोल मे."

"तुझा भाचा वर चालला. तू वर जाऊन आलेला आहेस, वरच्या गुरूशी बोलू शकतोस. खाली सपाटीवर काही गुरू पोरांच्या गोळ्या स्वतः सांभाळतात म्हणे. आपल्या गुरूला सांग, या एकाच्या सांभाळ. मी बाई, मला त्याच्या वाऱ्यालाही उभं करणार नाहीत."

त्याने सुई ओढली. "आपला गुरू तसला नाही."

"विचारलंस का त्याला?"

"तो म्हणेल, तुला या गोळ्यांचं एवढं कसं माहीत?"

"म्हण, भाचा आहे."

"बघतो," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "बघतो मे." आणि पट्ट्यात तोंड घालून बसला. मी पायरीवर बराच वेळ थांबले. पुरुषाने बघतो म्हटलं की तो बघत नाही, एवढं मला या वयात कळायला हवं होतं.

मग मीच उपाय काढला. वर काहीही नेऊ देत नसले तरी घोंगडी तर नेतीलच. आमचा माणूस जन्मल्यापासून मातीत जाईपर्यंत घोंगडीत असतो. हिवाळ्यात इथे ओढे गोठतात. उघड्या अंगाने का पाठवणार आहेत लेकरांना? सिस्टरने हिवाळाभराच्या गोळ्या एकदम दिल्या, बर्फ पडला की वाट बंद होते म्हणून लांबच्यांना तशा देतातच. पावाच्या पिशवीचे तुकडे करून मी एकेक गोळी गुंडाळली, दोऱ्याने बांधली आणि त्याच्या तपकिरी घोंगडीच्या काठात शिवली. काठ दुमडून, वर जाड टीप घालून. ओलावा लागू नये म्हणून टाक्यांवर मेणबत्ती घासली.

त्सेलिसो शेजारी बसून बघत होता. "रोज एक टाका उसवायचा?"

"रोज एक. अंधारात, बोटाने. सगळे झोपले की."

"पण मयतांची नावं कशी ऐकू येणार तिथे?"

"मी इथे ऐकते ना," मी म्हटलं. "तू वर गीळ. मी इथे गिळते."

त्याने काठ चाचपला, एक गोळी बोटांत धरली आणि म्हणाला, "काय डोकं आहे आत्या तुझं." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

न्यायला मोहापीच आला. त्सेलिसो घोंगडी पांघरून अंगणात उभा होता. मोहापीने पोराच्या खांद्यावरची घोंगडी सारखी केली, आणि त्याचा हात काठावर थांबला. बोटं काठावरून थोडी पुढे गेली. त्याला कळलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं. त्याने तोंड उघडलं आणि परत मिटलं. मला वाटलं, सामील झाला. कानाडोळा करतोय, भाच्यासाठी एवढं तरी करतोय. मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्या पिशवीत उकडलेली अंडी टाकली.

हिवाळाभर मी खुशीत होते, हे सांगताना आता लाज वाटते. डोंगराच्या खांद्यावर धूर दिसायचा. वारा इकडचा असला की पोरांचं गाणं यायचं, शब्द कळू नयेत इतकं लांबून. संध्याकाळी निवेदक घसा खाकरायचा, मी गोळी जिभेवर ठेवायची आणि मनात म्हणायची, घे रे बाबा. मोहापी घोडा बघायला जायचा.

शनिवारी पोरं विचारायची, "त्सेलिसो घेतोय का गं गोळ्या तिकडे?"

"घेतोय. रोज थोडी घोंगडी खातो," मी म्हणायची, आणि सगळी हसायची. खाऊहेलो नावाचा एक पोरगा होता, त्सेलिसोच्या मागे मागे फिरणारा. तो हसायचा नाही. तो म्हणायचा, "म्हणजे जाता येतं तर." मी म्हटलं, "येतं. डोकं असेल तर येतं." माझ्याच तोंडाने म्हटलं.

पीचच्या झाडांना गुलाबी फुलं आली आणि एका सकाळी डोंगरावरून काळा, जाड धूर उठला. वरचं खोपट जाळतात, एवढं लांबून सगळ्यांनाच दिसतं. दुपारी ते उतरले. रांगेत, खाली मान घालून, अंगाला लाल माती आणि तूप माखलेलं, खांद्यावर कोऱ्या करकरीत घोंगड्या. बायका आरोळ्या ठोकत होत्या. मीही ठोकली. मग मी थांबले, कारण मी तपकिरी घोंगडी शोधत होते आणि ती एकाच्याही अंगावर नव्हती, हातात नव्हती, कुठेच नव्हती.

एकेक नवा पुरुष उभा राहून आपणच रचलेली आपली स्तुती म्हणत होता. त्सेलिसोची पाळी आली. वाळला होता, पण आवाज मोठा झाला होता. त्याने सांगितलं की तो फाकोए आहे, ससाणा, जो बर्फावरून उडाला आणि ज्याची सावली बर्फाला दिसली नाही. लोकांनी वाहवा केली. मागचं नाव आता कोणी घ्यायचं नाही, घेतलं तर तो अपमान.

मी गर्दीतून मोहापीला गाठलं आणि गोठ्यामागे नेलं.

"त्याची जुनी घोंगडी कुठे आहे?"

त्याने टोपी काढून हातात घेतली.

"मोहापी, मी वरचं काही विचारत नाहीये. मी एका घोंगडीबद्दल विचारतेय. मी विकत घेतलेली घोंगडी."

"मे, मला सांगता येत नाही."

"सकाळच्या धुरात गेली?"

त्याने मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

"म्हणजे आजपर्यंत तरी होती ना त्याच्याकडे?"

आता तो डोंगराकडे बघायला लागला. डोळे भरले होते त्याचे. हळूच म्हणाला, "पोरपणाचं काही पुरुषाबरोबर आत जात नाही. अंगावरचं पहिल्यांदा काढून घेतात. दारातच." मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "मी तुला काही सांगितलं नाही."

म्हणजे पहिल्याच दिवशी. हिवाळाभर मी चुलीपाशी बसून घे रे बाबा म्हणत होते आणि वर त्याच्या अंगावर टाकाभर काठसुद्धा नव्हता. आणि या माणसाने अंगणात बोटांनी काठ चाचपला होता, त्याला सगळं कळलं होतं, आणि तो मूग गिळून पोराला घेऊन गेला होता. मी त्याला काय काय बोलले ते इथे सांगत नाही. तो ऐकून घेत उभा राहिला. ते संपल्यावर मी विचारलं, "का नाही बोललास?"

"बाईला सांगितलं असतं तर..." तो म्हणाला आणि थांबला.

"तर काय झालं असतं? आभाळ पडलं असतं?"

"हो," तो म्हणाला. खरंच तसं वाटत होतं त्याला.

मी रडत बसणारी बाई नाही. औषध थांबलं तर पुन्हा सुरू करता येतं, हे मीच पोरांना सांगते. नव्या पुरुषांचे मानपान संपले तसं मी त्याच्या मागे लागले. फाकोए म्हणायला शिकले. "फाकोए, बाळा, दवाखान्यात नुसता चल. रक्त द्यायचं आणि यायचं." शेवटी माझ्या तोंडाला कंटाळून तो आला.

बाकावर गर्दी होती. तो माझ्यापासून लांब, भिंतीला टेकून उभा राहिला, नव्या घोंगडीची पिन छातीवर ताठ लावलेली. आतून सिस्टरच्या हाताखालची नवी पोरगी आली आणि हातातला कागद बघून ओरडली, "त्सेलिसो."

तो हलला नाही. तिने पुन्हा हाक मारली. मी धावत आत गेले, सिस्टरला म्हटलं, अहो, तो आता फाकोए आहे. सिस्टर भली बाई, सपाटीवरची. ती स्वतः दारात आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं प्रेमाने म्हणाली, "त्सेलिसो, म्हणजे आपला फाकोए, ये रे. गोळ्या बंद झाल्या ना तुझ्या?"

सगळा बाक वळला. त्यात वरून उतरलेल्या एकाची आई होती, एकाची बहीण होती. त्याने कोणाकडे बघितलं नाही. घोंगडी सावरली आणि तो फाटकातून चालत निघून गेला. सिस्टरच्या लक्षात आलं तेव्हा ती पांढरी पडली. मी तिला दोष देत नाही. देते, पण थोडा.

घरी तो शांत बसला होता. मी गोळी आणि पाणी पुढे ठेवलं.

"आत्या, एक सांग," तो म्हणाला. "हिवाळाभर मी एक गोळी घेतली नाही. बर्फात झोपलो. मला साधी सर्दी झाली नाही. मग गोळ्या कोणाला लागत होत्या?"

"विषाणू लगेच दिसत नाही. तूच सांगायचास ना सगळ्यांना."

"मी नाही. त्सेलिसो सांगायचा. तो आजारी पोरगा होता. त्याला तुम्ही सगळ्यांनी मिळून आजारी ठेवलं होतं."

"त्सेलिसो जिवंत होता," मी म्हटलं.

"त्सेलिसो वर जळला," तो म्हणाला. रागाने नाही, अगदी समजावून सांगावं तसं.

पुरुषावर हात उगारता येत नाही. पोरगा असता तर मी त्याच्या थोबाडीत दिली असती आणि गोळी घशात घातली असती, आणि ते मला जमलं असतं. आता मी हात टेकले. नाही, खरं सांगायचं तर टेकले नाहीत. मी गोळी पाट्यावर वाटली आणि त्याच्या आंबट पेजेत कालवली. पहिल्या घोटाला त्याने वाटी खाली ठेवली. तो त्या चवीबरोबर वाढला होता, त्याला कळणार नाही तर कोणाला? आपलं अंथरूण गुंडाळून ओढ्यापलीकडे मामाकडे राहायला गेला.

तो गेल्यावर मोहापी जेवायला यायचा बंद झाला. मी निरोपांवर निरोप धाडले. शनिवारच्या पोरांनाही पाठवलं, पण त्सेलिसोने त्यांना ओळख दिली नाही. फक्त खाऊहेलो त्याच्यापाशी तासभर बसून आला, आणि आल्यावर मला काही सांगेना.

उन्हाळ्यात, मका छातीएवढा झाला असताना, मोहापी घोड्यावरून त्याला घेऊन आला. पुढ्यात धरला होता, लहान मुलाला धरतात तसा. डोकं दुखतं म्हणून तो ओरडत होता आणि मान हलवता येत नव्हती. जिल्ह्याच्या इस्पितळात नेला तेव्हा डॉक्टरांनी पाठीतून पाणी काढलं आणि मला बाहेर बोलावलं. डोक्यात जंतू पसरले होते. औषध देतो म्हणाले, पण उशीर झालाय.

आम्ही दोघं खाटेच्या दोन बाजूंना बसून राहिलो. त्सेलिसोला मधूनच शुद्ध यायची. मी त्याला कोणत्या नावाने हाक मारावी हे मला कळेना, म्हणून बाळा म्हणत होते. संध्याकाळी शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा रेडिओ चालू होता. निवेदकाने घसा खाकरला. मोहापी सवयीने उठला. मग उभाच राहिला. तिथे कुठला घोडा? घोडा गावात होता.

तो परत बसला. खोगिराच्या पिशवीतून एक फडकं काढलं, फडक्यातून बाटली काढली. माझ्याकडे आहे तसलीच, गोळ्यांची. आत कापूस. त्याने गोळी काढून तळहातावर घेतली आणि भाच्यासमोर धरली.

"बघ," तो म्हणाला. "मीपण घेतो. खाणीत होतो तेव्हापासून. तिकडच्या गावातून आणतो, दुसऱ्याच नावावर. मी वर जाऊन आलेला पुरुष आहे ना? आणि घेतो. बघ रे."

त्सेलिसोचे डोळे उघडे होते. त्याने मामाच्या तळहाताकडे बघितलं, मग मामाकडे. बराच वेळ. ओठ हलले. मी वाकले.

"आधी," तो म्हणाला. आणखी काहीतरी म्हणायचं होतं, ते आलं नाही.

त्याने तोंड उघडलं. मोहापीने ती गोळी त्याच्या जिभेवर ठेवली, मी पाणी पाजलं. निम्मं उशीवर सांडलं. दोन दिवसांनी तो गेला.

मी मोहापीला तेव्हा काही बोलले नाही. बोलणार तरी काय? रोज माझ्या चुलीपाशी जेवणारा माणूस रोज माझ्याच नियमाने दारामागे उभा राहून गोळी गिळत होता, आणि मी, जिला लांबून ओळखू येतं, मी त्याची दया करत होते. एका शब्दाने पोर वाचलं असतं. गुरूपाशी एक शब्द, नाहीतर अंगणात मला, नाहीतर ओढ्यापलीकडे भाचा त्याच्या घरात झोपत होता तेव्हा त्याला. त्या घरातही तो बाहेर जाऊनच गोळी घेत होता.

रेडिओला नाव कळवायला तोच गेला. संध्याकाळी माझ्याकडे आला आणि चुलीपाशी बसला. निवेदकाने घसा खाकरला. मोहापी उठला नाही. त्याने बाटली माझ्यासमोर उघडली. मी माझी उघडली. निवेदकाने वाचलं, त्सेलिसो, ज्याला फाकोए म्हणत, हा-माफासा गावचा, मागे आत्या आणि मामा. दोन्ही नावं दिली होती मोहापीने, आणि पोरपणाचं आधी. मी त्याच्यापुढे पाण्याचा लोटा सरकवला. त्या क्षणी माझ्या मनात थोडीशी आशा उगवली, तेही सांगून टाकते.

पण पुढच्या शनिवारी पोरं कमी आली. त्यापुढच्या शनिवारी आणखी कमी. नावं ऐकत गोळी घ्यायला आता नको वाटतं, म्हणाली. खाऊहेलो आला, तो निरोप घ्यायला. मका निघाला की वर जाणार म्हणाला.

"त्सेलिसोचं काय झालं बघितलंस ना?" मी विचारलं.

"तो पुरुष म्हणून गेला," खाऊहेलो म्हणाला. "त्याने मला सगळं सांगितलंय."

मी त्याच संध्याकाळी मोहापीपुढे उकड वाढली आणि म्हटलं, "मोहापी, माझं ऐक. तो माझं ऐकणार नाही, मी बाई. सिस्टरचं ऐकणार नाही. तू त्याच्या घरी जा. बाटली दाखव. इस्पितळात दाखवलीस तशी. एवढंच कर."

तो उकडीचा गोळा हातात घेऊन बसून राहिला. "एकाला दाखवली की गावाला दाखवली, मे."

"हो."

"बाकावरून उठवतील मला."

"उठवतील. माझ्या बाकावर येऊन बस."

तो थोडा हसला. मी त्याला घाई केली नाही, आयुष्यात पहिल्यांदाच. शेवटी त्याने हात धुतले.

"उद्या जातो," तो म्हणाला.

रेडिओवर निवेदकाने घसा खाकरला. मोहापीने टोपी घातली आणि घोडा बघायला बाहेर गेला.